नाणेघाट ते जुन्नर : पायांच्या मापाने आखलेला मुलूख

जुन्नर परिसरातली प्राचीन स्थळं पाहायला निघणारी मंडळी आधी यादी करतात: लेण्याद्री, शिवनेरी, वेळ उरलाच तर नाणेघाट. मग ही यादी एका दिवसात बसवायला भाड्याची गाडी ठरते आणि सहलीचा निम्मा खर्च तिथेच होतो. चालत जायचं म्हटलं की पैसे नाहीत म्हणून केलेली तडजोड, अशी समजूत आहे. पुरावा मात्र उलट दिशेला बोट दाखवतो. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून घाट चढून जुन्नरमार्गे पैठणकडे जाणारी ही वाट माणसाच्या आणि लादलेल्या बैलाच्या पावलांनी आखली गेली. पाणी कुठे, विसावा कुठे, गाव किती अंतरावर, हे सगळं त्या मापाने बसलेलं आहे. म्हणून या भागात स्वस्त सहल आणि नीट समजून केलेली सहल यांचा आराखडा जवळपास एकच निघतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये भडोच ते पैठण हे अंतर वीस दिवसांचं आणि पैठणपासून पूर्वेला तगर, म्हणजे आजचं तेर, आणखी दहा दिवसांचं सांगितलं आहे. प्रवासाचा हिशेब दिवसांत चाले. नाणेघाटातल्या लेण्यात नागनिका राणीचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे. १८२८ साली कर्नल साइक्सने त्याकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. अश्वमेध, राजसूय आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, हत्ती, कार्षापणं यांची त्यात मोजदाद आहे. सातवाहन घराण्याच्या कोरीव प्रतिमांची आता नावं आणि पावलांचे अवशेष तेवढे उरलेत. इथे येणारा प्रत्येक जण या लेखापाशी थांबतो, आणि ते योग्यच आहे. पण वाटसरूच्या दृष्टीने त्याच घाटातला दुसरा, फारसं कुणी न विचारलेला लेख अधिक मोलाचा: सोपाऱ्याच्या गोविंददासाने पाण्याचं टाकं दान दिल्याची नोंद. समुद्रकाठच्या माणसाने घाटमाथ्यावर पाण्याची सोय करावी, यावरून या वाटेवर कोण चालत होतं आणि त्याला काय हवं होतं, ते कळतं. लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यातलं चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचं दान आहे. जुन्नरच्या लेखांत धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी भेटते, यवन दातेही भेटतात, आणि नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम मानमोडी डोंगरात भेटतो. गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत ती या रहदारीच्या पैशावर. घाटातल्या दगडी रांजणात जकातीची नाणी पडत, ही गोष्ट सगळे सांगतात. नागनिकेच्या लेखात मात्र तिला आधार नाही. टाक्याचा पुरावा त्याहून पक्का आहे.

आता आराखडा. कल्याणहून मुरबाड-माळशेज मार्गाने जाणाऱ्या एसटीने वैशाखऱ्याच्या पुढे घाटवाटेच्या फाट्याशी उतरावं. इथून दगडी पायऱ्यांची जुनी वाट रमतगमत तीनेक तासांत माथ्यावर नेते. मुक्काम घाटघरला. पुढे जुन्नरपर्यंतचं सुमारे तीस किलोमीटरचं अंतर दोन दिवसांत वाटून घ्यावं: पूरचं कुकडेश्वर मंदिर, मग चावंड, जिथे किल्ल्यावर कातळात खोदलेली सात टाकी आहेत, आणि तिसऱ्या संध्याकाळी जुन्नर. चौथा दिवस गावाभोवतीच्या लेण्यांना. ती सगळी गावापासून पायी गाठता येतात. खर्च राहतो तो दोन टोकांचं एसटीभाडं आणि वाटेतल्या घरांतलं जेवण. २०२३पासून महिलांना एसटीत निम्मं भाडं आहे, त्यामुळे हा हिशेब आणखी हलका होतो. जेवणाचं आदल्या दिवशी फोनवर ठरवावं. भाकरी-पिठल्याची घासाघीस करून वाचणारे पैसे म्हणजे बचत नव्हेच.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: घाटघरच्या बाजूने नाणेघाटापर्यंत डांबरी रस्ता गेला आहे, मग तीस किलोमीटर डांबर का तुडवायचं? काही टप्पे खरंच कंटाळवाणे आहेत, आणि ऐन दुपारी तिथे एसटी किंवा वडाप घेण्यात कमीपणा नाही. पण घाटाचा चढ सोडू नये. खालून आलं तरच माथ्यावरची टाकी आणि लेण्यातले दगडी बाक तिथेच का, हे ध्यानात येतं. गाडीतून उतरणाऱ्याला ती नुसती शिल्पं वाटतात. दुसरा आक्षेप अभ्यासकांचा: लेणी हे भिक्खूंचे विहार होते, त्यांना धर्मशाळा समजू नये. मान्य. नाणेघाटाचं लेणं मात्र विहाराच्या घडणीचं नाही, आणि विहारांचे दाते तर वाटेवरचेच लोक होते. माझा मुद्दा अंतरांचा आहे. विहारात कोण झोपलं याचा नाही. आज लेण्यात मुक्काम करण्याचा प्रश्नच नाही, ती संरक्षित स्मारकं आहेत.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो सर्वांत गंभीर. जुन्नर हा बिबट्यांचा तालुका आहे. उसाच्या फडांत त्यांचा वावर असतो, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. त्यामुळे सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोचायचंच, आणि एकट्याने निघायचं नाही. मानमोडीच्या कातळावर आग्यामोहोळं असतात, तिथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा वर्ज्य. टाक्यांतलं पाणी गावात विचारल्याशिवाय पिऊ नये. पावसाळ्यात धबधब्यांपायी गर्दी उसळते आणि पायऱ्या निसरड्या होतात. उन्हाळ्यात पाण्याचे वांधे. दिवाळीनंतरचे तीनेक महिने उत्तम.

चारऐवजी तीनच दिवस असतील तर काय गाळावं? चावंड चढू नये, पायथ्याने पुढे निघावं. शिवनेरी कधीही पुन्हा होईल, एसटी थेट जुन्नरला येते. लेण्याद्रीला गिरिजात्मज गणपतीमुळे जाणं होतंच, फक्त सातव्या लेण्यात दर्शन घेऊन परतू नये, शेजारी सहावं आहे. तुळजा लेणी मात्र सोडू नयेत. बारा खांबांच्या वर्तुळात उभा असलेला तिथला स्तूप फार विरळा नमुना आहे, आणि जुन्नरहून पाडळीच्या बाजूने तो सकाळच्या फेरीत बघून दुपारची गाडी धरता येते.