बेदरकार चालकाची तक्रार करावी का? : गैरसमज आणि वस्तुस्थिती

राँग साइडने अंगावर आलेली दुचाकी, घाटातल्या वळणावर ओव्हरटेक करणारी ट्रॅव्हल्स, सिग्नल तोडून सुसाट गेलेली मोटार. आपण चरफडतो, बाजूला होतो आणि वाटेला लागतो. पोलिसांना कळवण्याचा विचार आला तरी ‘कशाला नसती भानगड’ म्हणून मागे पडतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार त्यातले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगामुळे झाले. कळवायचं की नाही, हे ठरवताना काही समजुती आड येतात. त्या तपासून घेऊ.

गैरसमज १ : कुणाला लागलं नाही, मग तक्रार कसली?

वस्तुस्थिती : मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक पद्धतीने वाहन चालवण्याबद्दल आहे. त्यासाठी अपघात व्हावाच लागतो, अशी अट नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरून गाडी चालवणं, नियम मोडून ओव्हरटेक करणं आणि वाहतुकीच्या उलट दिशेने जाणं यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लोकांचा जीव धोक्यात येईल अशा बेदरकारपणासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ वेगळं आहे.

गैरसमज २ : चालक उर्मट वागला की तक्रार करायलाच हवी.

वस्तुस्थिती : निकष अपमानाचा नाही, धोक्याचा आहे. मागून सतत हॉर्न वाजवणं किंवा जागा न देणं याचा संताप येतो. पण त्याने कुणाचा जीव धोक्यात आला का, हे आधी स्वतःला विचारावं. दुसरा प्रश्न, धोका अजून चालू आहे का? दारूच्या नशेत डुलणारी गाडी, भर रस्त्यातली शर्यत, हायवेवर उलट दिशेने येणारा ट्रक यांसाठी लगेच ११२ लावावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही हेल्पलाइनही आहे. फाटकासमोरचं पार्किंग किंवा कुणी तोडलेला सिग्नल यासाठी वाहतूक पोलिसांचं ॲप किंवा चौकी पुरेशी आहे. एसटी बस असेल तर गाडी क्रमांक आणि वेळ सांगून आगारातही तक्रार करावी.

गैरसमज ३ : आधी पाठलाग करून पुरावा गोळा करावा.

वस्तुस्थिती : मुळीच नाही. पाठलागात एका धोकादायक गाडीच्या दोन होतात, आणि गाडी चालवता चालवता हातातल्या मोबाइलवर व्हिडिओ काढणं हा त्याच कलम १८४ मधला गुन्हा आहे. शूटिंग शेजारी बसलेल्याने करावं. एकटे असाल तर गाडी सुरक्षित जागी थांबवून फोन करावा. सांगायचं ते नेमकं असावं : “पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी लेन, खंबाटकी घाट उतरल्यावर. पांढरा टेम्पो, नंबर अमुक. रस्ताभर डुलतोय, दोनदा दुभाजकाला घासला. आत्ताच पुढे गेलाय.” दिशा, ठिकाण, रंग, नंबर, वेळ आणि डोळ्यांनी पाहिलेली कृती. ‘प्यायलेला आहे’ हा आपला अंदाज असतो. ‘डुलतोय’ हे आपण पाहिलेलं असतं. पोलिसांना दुसरं अधिक उपयोगी पडतं.

गैरसमज ४ : चालक कोण होता हे माहीत नाही, मग नुसत्या नंबरचा काय उपयोग?

वस्तुस्थिती : चालक शोधणं हे आपलं काम नाही. कलम १३३ नुसार, पोलिसांनी विचारलं तर त्या वेळी गाडी कोण चालवत होतं, त्याचं नाव-पत्ता आणि लायसन्सची माहिती देणं गाडीमालकाला बंधनकारक आहे. आपण एवढं पाहावं, की नंबर नीट वाचलेला आहे. एखादा अंक नक्की आठवत नसेल तर तसं सांगावं. चुकीच्या नंबरमुळे निरपराध माणसाला ताप होतो. प्रामाणिक चूक हा गुन्हा नव्हे. कुणाला त्रास द्यायच्या हेतूने जाणूनबुजून खोटी माहिती देणं मात्र गुन्हा आहे.

गैरसमज ५ : व्हिडिओ व्हायरल केला की तक्रार झाली.

वस्तुस्थिती : ग्रुपवर फिरणारी क्लिप म्हणजे तक्रार नव्हे. तिच्यासोबत तारीख, ठिकाण आणि पाहणारा माणूस नसतो; फार तर एखाद्याची बदनामी होते. पाठवायची असेल तर मूळ फाइल, काटछाट न करता, पोलिसांच्या अधिकृत माध्यमावर पाठवावी आणि आपल्याकडेही जपून ठेवावी.

गैरसमज ६ : एकदा नाव दिलं की कोर्टाच्या चकरा ठरलेल्या.

वस्तुस्थिती : सिग्नल किंवा पार्किंगसारखी बरीच प्रकरणं चलनावर मिटतात. गंभीर गुन्हा नोंदला गेला तर मात्र साक्षीदार म्हणून जबाब द्यावा लागू शकतो, हे मान्य करूनच पुढे यावं. इथे एक गल्लत होते. २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १३४-अ अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण देतं; ते तक्रारदारासाठी नाही. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याने मात्र निश्चिंत असावं. स्वतःची ओळख द्यायची की नाही, हे त्याने ठरवायचं असतं.

गैरसमज ७ : पोर सोसायटीतलंच आहे, त्याचं नुकसान कशाला करायचं?

वस्तुस्थिती : ही अडचण खरी आहे, म्हणून पहिल्यांदा आईवडिलांशी स्पष्ट बोलावं. त्यांनी ऐकलं नाही तर कळवावं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, शिवाय त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेच्या धडकेत दुचाकीवरच्या दोघांचा जीव गेला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मोटार अल्पवयीन मुलगा चालवत होता. तिथवर गोष्ट गेल्यावर कुणाचंच नुकसान भरून येत नाही.

गैरसमज ८ : माझ्या एका तक्रारीने काय होणार?

वस्तुस्थिती : प्रत्येक तक्रारीवर कारवाई होतेच असं नाही. पण कलम १८४ चाच गुन्हा तीन वर्षांच्या आत पुन्हा घडला तर शिक्षा वाढून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. पहिला गुन्हा नोंदलाच गेला नसेल, तर दुसराही पहिलाच ठरतो. म्हणून धोका स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असेल आणि नंबर नक्की असेल, तर त्याच दिवशी कळवा. तो चालक उद्याही त्याच रस्त्यावर असणार आहे, आणि तिथून तुमच्या-आमच्या घरची माणसंही जाणार आहेत.