गर्दी आणि गिऱ्हाईक

नव्या उद्योगाभोवती जमलेली गर्दी म्हणजे त्याचा धंदा नव्हे. फुकट मिळते तिथे हात पुष्कळ पुढे येतात. त्यांतले किती खिशात जातील, हे पैसे मागितल्याशिवाय कळत नाही. भारतात हा हिशेब फार मोठ्या आकड्यांत मांडला गेला तो नवी मुंबईत. ठाणे-बेलापूर रस्त्यावर घणसोलीला रिलायन्स कॉर्पोरेट पार्क आहे आणि रिलायन्स जिओ या मोबाइल सेवा कंपनीचा कारभार तिथून चालतो. जिओला स्टार्टअप म्हणणे तसे धाडसाचेच. पहिला रुपया मिळण्याआधी सुमारे दीड लाख कोटी रुपये ओतण्याची ऐपत कोणत्या नवउद्योजकाची असते? तरी ग्राहकांची वही तिचीही कोरीच होती, आणि ती कोणत्या क्रमाने भरत गेली हे पाहण्यासारखे आहे.

जून २०१० मध्ये इन्फोटेल ब्रॉडबँड या अपरिचित कंपनीने देशभरातला ब्रॉडबँड स्पेक्ट्रम १२,८४८ कोटी रुपयांना मिळवला आणि लगेच तिचा ९५ टक्के हिस्सा रिलायन्सने ४,८०० कोटींना घेतला. त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ सामान्य माणसाच्या हाती काहीच आले नाही. २७ डिसेंबर २०१५ रोजी घणसोलीच्या आवारात शाहरुख खान आणि ए. आर. रहमान यांच्या उपस्थितीत सेवेचे उद्घाटन झाले, पण ते फक्त समूहाच्या कर्मचाऱ्यांसाठी. जिओचे जाळे केवळ फोर-जीचे. त्यावर आवाजही डेटासारखाच वाहतो, आणि तेव्हाच्या बहुतेक फोनना ते जमत नव्हते. त्यामुळे नेटवर्क कुठे तुटते, कोणता फोन अडतो, हे आधी घरच्याच माणसांनी अनुभवले. मग ‘लाइफ’ हा कंपनीचा स्वतःचा फोन घेणाऱ्यांना काही महिन्यांच्या मोफत सेवेसह सिम मिळाले, पुढे इतर कंपन्यांच्या फोनधारकांना, आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी दार सगळ्यांना उघडले. डिसेंबरचा समारंभ झगमगाटाचा होता, पण खरे काम झाले ते त्यानंतरच्या आठ महिन्यांत, गाजावाजा न करता.

तेव्हा एक जीबी डेटाला दोनशे-अडीचशे रुपये पडत. जिओने ३१ डिसेंबरपर्यंत सगळे फुकट केले आणि नंतर ती मुदत ३१ मार्च २०१७ पर्यंत लांबवली. दुकानांपुढे रांगा लागल्या. पण लोटलेली माणसे पटापट हातावेगळी करता आली ती कागदपत्रांना फाटा दिल्यामुळे. एरवी सिम घ्यायचे म्हणजे फोटो, झेरॉक्स, सह्या आणि मग एक-दोन दिवस वाट पाहणे. इथे आधार क्रमांक सांगायचा, छोट्या यंत्रावर अंगठा ठेवायचा आणि थोड्याच वेळात सिम चालू. पहिल्या महिन्यातच दीड कोटीहून अधिक लोक आले आणि १७० दिवसांत आकडा दहा कोटींवर गेला. फुकटाची चर्चा खूप झाली, त्या अंगठ्याची मात्र फारशी झाली नाही. आलेल्या माणसाला दारातच किती वेळ ताटकळावे लागते, यावर पुष्कळ उद्योगांची वाढ अडते.

वाढ एकट्याच्या हातात नसते, हेही याच काळात दिसले. दुसऱ्या कंपनीच्या क्रमांकावर फोन लावायचा तर त्या कंपनीने जोडणी द्यावी लागते. शंभरातले पंचाहत्तरहून अधिक कॉल लागत नाहीत, अशी जिओची तक्रार होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांना मिळून ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली.

खरी कसोटी मार्च २०१७ मध्ये लागली. ९९ रुपये भरून ‘प्राइम’ सदस्य व्हा, पुढे दरमहा पैसे मोजा, असे सांगितले गेले. त्या महिनाअखेर १०.९ कोटी ग्राहकांपैकी ७.२ कोटींनी ९९ रुपये भरले होते, म्हणजे साधारण दोन-तृतीयांश. हे प्रमाण मोठेच म्हणायचे. पण कंपनीलाही मोह आवरला नाही. ३०३ रुपयांच्या रिचार्जवर आणखी तीन महिने मोफत देण्याची योजना तिने आणली आणि ६ एप्रिलला ट्रायने ती मागे घ्यायला लावली. पाचच दिवसांत ३०९ रुपयांची नवी योजना आली. ऑक्टोबर ते डिसेंबर २०१७ या तिमाहीत जिओने ५०४ कोटी रुपयांचा पहिला नफा दाखवला.

ज्याच्यामागे असे भांडवल नाही त्याने काय करावे, याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला खपेना. लोखंडाने जमीन बिघडते, असा शेतकऱ्यांचा समज होता. कारखाना किर्लोस्करवाडीला उभा राहिला १९१० मध्ये, आणि १९२० मध्ये तिथूनच शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची माहिती कामगार आणि ग्राहकांपर्यंत नेणारे ते पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. नांगर कधीच घेणार नाहीत अशा घरांतही कारखान्याचे नाव पोचले.  मासिकांचे अंक लोकांनी वर्गणी भरून घेतले, म्हणजे वाचकवर्गच उत्पन्न देत होता. मात्र याला वर्षे लागली, आणि संपादकाला नांगराबाहेरच्या जगातही रस असावा लागला.

दर चढू लागले तशी जिओच्या गर्दीची दुसरी बाजू दिसली. ऑक्टोबर २०१९ मध्ये इतर कंपन्यांच्या क्रमांकांवरील कॉलना मिनिटाला सहा पैसे लागू झाले, तेव्हा आयुष्यभर कॉल मोफत, हे आश्वासन आठवून ग्राहक संतापले. जुलै २०२४ मध्ये दर पुन्हा १२ ते २७ टक्क्यांनी वाढले. पुढच्या तीन महिन्यांत ग्राहक एक कोटी नऊ लाखांनी घटले. त्याच तिमाहीत दर ग्राहकामागे मिळणारे मासिक उत्पन्न १८१.७० वरून १९५.१० रुपयांवर गेले, आणि नफा आदल्या वर्षीपेक्षा सुमारे २३ टक्क्यांनी वाढला.