मुलांचा दुखरा खुबा आणि सोनोग्राफी

चांगले हिंडते-फिरते मूल एका सकाळी लंगडू लागले, की 'खेळताना पडले असेल' असे म्हणून तेल चोळले जाते, शेक दिला जातो. पुष्कळदा दुखणे थांबतेही. परंतु काही मुलांच्या बाबतीत या चोळण्यात मोलाचे दिवस निघून जातात. म्हणून अमरावती-अकोला परिसरातील आपल्या कुटुंबांसाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

खुब्याचा रक्तपुरवठा

मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडातील वाटीत फिरते, तो खुब्याचा सांधा. वाढत्या वयात या डोक्याखाली कूर्चेची एक चकती असते. तिच्यामुळे खालच्या हाडातील रक्त वर पोहोचत नाही. हाडाच्या मानेवरून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवरच डोक्याचे पोषण मुख्यत्वे अवलंबून असते. सांध्यात पाणी किंवा पू साठून दाब वाढला, की याच वाहिन्या दबू शकतात.

दुखण्याची कारणे

सर्वांत अधिक आढळते ती सांध्याच्या अस्तराची तात्पुरती सूज. ती विश्रांतीने एक-दोन आठवड्यांत ओसरते. सांध्यात पू होणे मात्र तातडीचे संकट आहे. तिसरा पर्थेस रोग. १९१० साली लेग, काल्वे व पर्थेस या तीन डॉक्टरांनी त्याचे स्वतंत्रपणे वर्णन केले. यात डोक्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन हाड ठिसूळ होते. चार ते आठ वर्षांच्या मुलांत, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत, तो अधिक दिसतो. विदर्भात सिकलसेलही विसरता येत नाही. त्यातील वाकड्या रक्तपेशी वाहिन्या अडवून खुब्याचे हाड निकामी करू शकतात.

सोनोग्राफी काय दाखवते?

या तपासणीत क्ष-किरण नसतात, सुई नसते, भूल द्यावी लागत नाही. दोन्ही खुबे तपासून कोणत्या बाजूला पाणी साठले आहे, हे काही मिनिटांत कळते. पुवाची शंका असल्यास सोनोग्राफीत पाहत सुईने ते पाणी काढून तपासता येते.

त्याच यंत्रातील डॉप्लर रक्ताचा प्रवाह दाखवतो. हलणाऱ्या वस्तूवरून परतणाऱ्या ध्वनीची पट्टी बदलते. ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर हे आधारलेले आहे. वाहत्या रक्तपेशींवरून परतलेला ध्वनी पडद्यावर रंगांत उमटतो. सुजलेल्या अस्तरात रक्त वाढलेले असेल, तर तेथे रंग दाट दिसतो.

या तपासणीची मर्यादाही पालकांनी जाणून घ्यावी. रंग दिसला नाही म्हणजे पू नाही, असे ठरत नाही. त्यासाठी ताप, रक्ततपासणी आणि मुलाची अवस्था एकत्र पाहावी लागते. तसेच ध्वनी हाडातून आरपार जात नाही. तान्ह्या बाळाचे डोके कूर्चेचे असल्याने त्यातील वाहिन्या दिसू शकतात. मोठ्या मुलाच्या हाडातील रक्तपुरवठा पाहण्यासाठी एमआरआय लागतो. पर्थेसच्या आरंभी साधा एक्स-रेदेखील निर्दोष येऊ शकतो. म्हणून 'सोनोग्राफी नॉर्मल' या दोन शब्दांवर लंगडणाऱ्या मुलाची तपासणी संपवू नये.

पालकांनी काय करावे?

ताप आहे आणि मूल पाय टेकवत नाही, अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अमरावतीचे इर्विन किंवा अकोल्याचे सर्वोपचार, जे जवळ असेल तेथे जावे. धारणी-चिखलदऱ्याच्या कुटुंबांनी प्रवासाचे तास लक्षात घेऊन सकाळची वाट पाहू नये. मूल गुडघ्याकडे बोट दाखवत असले, तरी खुबाही तपासून घ्यावा, कारण खुब्याची वेदना अनेकदा गुडघ्यात जाणवते. घरात सिकलसेल असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे. पंधरा दिवसांनंतरही लंगडणे राहिले, तर पुन्हा दाखवावे. दुखरा खुबा चोळू अथवा ओढू नये.

मूल आपले दुखणे नेमक्या शब्दांत सांगू शकत नाही. त्याचे लंगडणे हेच त्याचे सांगणे असते. ते वेळीच ऐकले, तर पुढे आयुष्यभराचे लंगडणे टळू शकते.