पुढच्या नंबरची किंमत

अल्टिमेट खो-खोच्या 2022 मधल्या पहिल्या हंगामाआधी सहा संघांनी ड्राफ्ट पद्धतीने खेळाडू निवडले. तरीही आपल्याकडे त्या निवडीला सर्रास ‘लिलाव’च म्हटलं जातं. आयपीएलने तशी सवय लावली आहे. पण लिलावात खेळाडूची किंमत बोलीवर ठरते आणि ज्याच्या थैलीत जास्त पैसा, तो खेळाडू नेतो. हॉकी इंडिया लीगच्या 2024 च्या लिलावात हरमनप्रीत सिंगवर 78 लाखांची बोली लागली, ती अशीच. ड्राफ्टमध्ये मानधन आधीच ठरलेलं असतं. खो-खोच्या त्या निवडीत ‘अ’ श्रेणीला 5 लाख आणि ‘ड’ श्रेणीला 1 लाख होते. संघ फक्त पाळीपाळीने नाव पुकारतात. त्यामुळे तिथे खरी मौल्यवान गोष्ट असते ती नंबर, म्हणजे आपली पाळी कधी येणार. अमेरिका आणि कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीत, एनएचएलमध्ये, या नंबरांचा उघड व्यवहार चालतो. आपले दोन-तीन मागचे नंबर देऊन एक पुढचा नंबर घेता येतो. असा सौदा करणं शहाणपणाचं असतं का? बहुतेक वेळा नसतं, असं माझं मत आहे, आणि खान्देशातल्या खेळाडूंचाही या प्रश्नाशी वाटतो त्याहून जवळचा संबंध आहे.

पुढच्या नंबरला चांगलाच खेळाडू मिळतो, हा सगळ्यांत घट्ट बसलेला गैरसमज. त्याला आपल्याच क्रिकेटने 2008 मध्ये उत्तर दिलं आहे. आयपीएलच्या पहिल्या वर्षी मोठ्या खेळाडूंचा लिलाव झाला, पण एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकलेल्या मुलांसाठी ड्राफ्ट ठेवला होता. दिल्लीचा नंबर पहिला होता. सेहवाग, गंभीर असे फलंदाज हाताशी असल्याने त्यांनी डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान निवडला. बंगळूरने त्यानंतर विराट कोहलीला घेतलं. दिल्लीच्या निर्णयात मूर्खपणा नव्हता, गरज होती. पण त्या वयात कोण कुठवर जाईल हे पहिल्या नंबरालाही कळलं नाही, हे खरंच. एनएचएलमध्ये तर अठरा वर्षांच्या मुलांवरच सगळी भिस्त असते. 1993 मध्ये ओटावाने पहिल्या नंबरावर अलेक्झांडर डेगलला घेतलं आणि दुसऱ्या नंबराचा ख्रिस प्राँगर पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी अमेरिकन फुटबॉलचे ड्राफ्ट तपासले. थेलर यांना पुढे 2017 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या अभ्यासात एकाच जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच्या लगेच नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता नाणेफेकीहून थोडीशीच जास्त निघाली. संघ मात्र त्या पुढच्या नंबरासाठी भरमसाट मोजत होते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की मग मागच्या नंबरांवर मोठे खेळाडू मिळवणाऱ्या डेट्रॉईटसारखी उदाहरणं तरी अपवादच नाहीत का? डेट्रॉईट रेड विंग्जने 1989 मध्ये निक्लस लिडस्ट्रॉमला 53 व्या, 1998 मध्ये पावेल दात्सुकला 171 व्या आणि 1999 मध्ये हेन्रिक झेटरबर्गला 210 व्या नंबरावर घेतलं, आणि 2008 चा स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, या तिघांच्या जोरावर जिंकला. आक्षेप रास्त आहे. शेवटच्या फेऱ्यांतली बहुतेक मुलं एनएचएलमध्ये एकही सामना खेळत नाहीत. म्हणून मागचा नंबर पुढच्याइतकाच चांगला, असं मी म्हणत नाही. मुद्दा उताराचा आहे. पहिल्या दोन-तीन नंबरांनंतर अपेक्षित गुणवत्ता झपाट्याने खाली येते, मग तो उतार सपाट होत जातो. विसाव्या नंबरावरून बाराव्यावर जाण्यासाठी दुसऱ्या फेरीतली निवड देणं म्हणजे सपाट जमिनीवर चढणीचं भाडं भरणं आहे. दोन नंबर हाताशी असतील तर एक चुकला तरी दुसरा उरतो. एकात सगळं घातलं तर तेही राहत नाही.

सगळ्यांत महाग धडा एरिक लिंड्रॉसचा. क्युबेकने 1991 मध्ये त्याला पहिल्या नंबरावर निवडलं, पण त्याने त्या संघाकडून खेळायला नकार दिला. 1992 मध्ये फिलाडेल्फियाने त्याच्यासाठी पीटर फोर्सबर्गसह सहा खेळाडू, पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि दीड कोटी डॉलर मोजले. लिंड्रॉस खरोखर मोठा खेळाडू होता, निवड चुकली असं कुणीच म्हणणार नाही. तरी फिलाडेल्फियाला त्याच्यासह स्टॅनली कप मिळाला नाही. क्युबेकचा संघ 1995 मध्ये कोलोरॅडोला गेला आणि 1996 मध्ये फोर्सबर्गसह कप घेऊन गेला. खेळाडू बरोबर निवडूनही सौदा तोट्याचा ठरू शकतो, हे यातून कळतं. धाडस दाखवणारा संघच जिंकतो अशी समजूत असलेल्यांनी हा हिशेब नीट पाहावा.

उलट बाजूचं उदाहरणही सांगायला हवं. व्हँकूव्हर संघाचे सरव्यवस्थापक ब्रायन बर्क यांनी 1999 मध्ये एकामागून एक अदलाबदल करून तिसऱ्या नंबराच्या जोडीला दुसराही मिळवला आणि डॅनियल व हेन्रिक सेदिन ही जुळी भावंडं दोन्ही घेतली. दोघंही 2022 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेली. पण तिसरा नंबर त्यांच्याकडे आधीपासून होता, आणि दोघं एकत्रच खेळली तर त्यांची किंमत दुप्पट होईल, हे नेमकं कारण त्यांच्यापाशी होतं. अशा नेमक्या कारणाखेरीज पुढे सरकण्याला मला आधार दिसत नाही. पुढचा नंबर मुळात कुणाला मिळतो, याबद्दलही एक गैरसमज आहे. शेवटचा आलेला संघ आपोआप पहिला निवडतो, हे खरं नाही. एनएचएलमध्ये 1995 पासून सोडत निघते. 2023 मध्ये शिकागो तळाला नसूनही त्यांनाच पहिला नंबर आणि सगळ्यांना हवा असलेला कॉनर बेडार्ड मिळाला.

आता खो-खोकडे. एक चमकता खेळाडू सामना ओढून नेईल हा विचार क्रिकेटमधून आलेला आहे, कारण तिथे एक फलंदाज वीसही षटकं उभा राहू शकतो. खो-खोत बचाव करणारे तीन-तीनच्या तुकडीने उतरतात. पहिली तुकडी कितीही चिवट असो, दुसरी-तिसरी पटापट बाद झाली तर आघाडी गेलीच. ओडिशा जगरनॉट्सने 2022 ची अंतिम लढत तेलुगू योद्धाजविरुद्ध 46-45 अशी एका गुणाने जिंकली. इतक्या बारीक फरकाच्या खेळात नववा-दहावा खेळाडू कसा आहे यावर निकाल हलतो. म्हणून खो-खोच्या संघाला नंबर विकून वर जाण्याची मुभा मिळालीच, तर त्याने हॉकीहूनही जास्त सावध राहावं.

खान्देशाचा प्रश्न इथेच येतो. महाराष्ट्राच्या खो-खोत पुणे, ठाणे, मुंबई उपनगर, सांगली, धाराशिव यांचा दबदबा आहे आणि निवड करणाऱ्यांची नजर आधी तिकडेच जाते. दात्सुक मागे राहिला तो खेळात कमी होता म्हणून नव्हे. तो रशियातल्या येकातेरिनबुर्गचा, आणि डेट्रॉईटसाठी खेळाडू हेरणारे हाकान अँडरसन रशियात गेले होते ते दुसऱ्याच मुलाला पाहायला. चाळीसगाव, अमळनेर किंवा शिरपूरच्या मुलाची अडचण याच जातीची आहे. जो संघ नंबर विकून वर सरकतो, त्याच्याकडे अशा मुलासाठी जागाच उरत नाही. जो मागचे नंबर राखतो, त्याला जळगाव-धुळ्याचे जिल्हा सामने पाहण्याची गरज वाटते. कुणी म्हणेल, मोठ्या संघांनी इतक्या लांब माणूस का पाठवावा? पण खो-खोच्या गुणपत्रकात प्रत्येक बचावपटू किती मिनिटं टिकला आणि प्रत्येक आक्रमकाने किती गडी टिपले हे सामन्यागणिक लिहिलेलंच असतं. जिल्ह्यांनी ती पत्रकं हंगामभर जपून संघांच्या हाती दिली, तर निवडायला बसलेल्याला पहिल्यांदा शिरपूरच्या मुलाचे आकडे पुण्याच्या मुलाशेजारी ठेवून पाहता येतील.