मूत्रमार्गाचा संकोच आणि घरची निगा

वैशाखांत धुळ्याचा पारा ४० अंशांवर चढतो. अंगांतलें पाणी घामावाटे जातें, लघवी थोडी व गडद होते. ज्या पुरुषाचा मूत्रमार्ग आधींच अरुंद झालेला असतो, त्याला हे दिवस विशेष जड जातात.

इजा, जंतुसंसर्ग किंवा पूर्वीं घातलेली नळी यांमुळें मूत्रमार्गांत आंतून व्रण होतो आणि तो भरतांना आखडतो. धार बारीक होते, फांटते, लघवीस वेळ लागतो. डॉक्टरांनीं मार्ग रुंद केला तरी पुष्कळांचा व्रण पुन्हां आखडतो. लाजेपायीं ही गोष्ट पुरुष घरांतहि बोलत नाहींत. मूत्र मात्र मागें तुंबून मूत्रपिंडांना अपाय करीत राहतें.

हळूहळू रुंदी वाढविण्याची कल्पना जुनी आहे. अग्रचर्माच्या संकोचावर सुश्रुतसंहितेंत तूप लावलेली नळी घालून दर तीन दिवसांनीं अधिक जाड नळी वापरण्याचा विधि आहे. रोग्यानें केवळ स्वच्छ हातांनीं स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामें करावें, ही पद्धत १९७२ सालीं अमेरिकेंतील डॉ. जॅक लॅपिडिस यांनीं मांडली. मार्ग खुला राखण्यासहि आज तीच रीत उपयोगी पडते.

नळीची जाडी व दिवसांचें अंतर डॉक्टरांनींच ठरवावें आणि पहिला पाठ त्यांच्यासमोर व्हावा. घरीं हात साबणानें धुवावे, नळीस डॉक्टरांनीं दिलेली जेली लावावी. घरचें तेल लावूं नये. नळी अडल्यास दीर्घ श्वास घेऊन अंग सैल सोडावें. जोर कदापि करूं नये. जोरानें नवी जखम होते आणि जखमेंतून नवा संकोच. बरें वाटूं लागतांच नेम मोडणें, ही चूक होय.

पाणी दिवसभर थोडें थोडें प्यावें. लघवीचा रंग फिका राहिला म्हणजे तें पुरेसें झालें. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रोग्यानें मात्र प्रमाण विचारून घ्यावें. महिन्यांतून एकदां मापाच्या भांड्यांत लघवी धरून लागलेले सेकंद वहींत टिपावे. तेवढ्याच मापाला अधिक वेळ लागूं लागला, तर पुढच्या भेटीची वाट पाहूं नये.

थंडी वाजून ताप येणें, रक्ताच्या गांठी पडणें किंवा लघवी पूर्ण बंद होणें, यांवर घरगुती उपाय नाहीं. त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. संकोच वारंवार परतत असेल, तर मूत्रमार्गाच्या पुनर्रचनेची शस्त्रक्रिया करावी कीं नाहीं, हेंहि तज्ज्ञास विचारावें. घरची निगा मार्ग खुला ठेवते. व्रण नाहींसा करीत नाहीं.