काट्यांच्या वाटेवरचे चाक

बारामतीहून निघालेली तुकोबांची पालखी काटेवाडीत येते, तेव्हा मेंढ्यांचे रिंगण होते. याच मुलखात सायकल बांधाकडे वळवली, की बाभळीच्या काट्याशी गाठ पडते. मग भर उन्हात ती ढकलत घरी आणायची! माझा पुतण्या डोंगरी सायकल घेतो आहे; ट्यूब की ट्यूबलेस, हा घरातला वाद.

डनलॉपने १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले, तेव्हापासून पंक्चर पाचवीलाच पुजलेले. ट्यूबलेसमधले चिकट द्रावण हवेच्या दाबाने भोकात शिरून ते बुजवते. हवा कमी ठेवता येते, त्यामुळे दगडगोट्यांत पकड राहते. मात्र द्रावण काही महिन्यांत वाळते. ट्यूबला ठिगळ आणि सोल्यूशन पुरते.

माझे मत ट्यूबलेसला. पण द्रावण वेळेवर भरणार नसेल, त्याला ट्यूबच बरी.