दिवा मागचा, गळती वरची

खंडाळ्याचा पाऊस विजेच्या बाबतीत दुटप्पी आहे. लोणावळा-वळवणच्या तलावांत साठलेल्या या पावसावर टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ पासून चालतं आणि तोच पाऊस बोरघाट चढणाऱ्या ट्रकची वीज घालवतो. न्हावा-शेव्याहून कंटेनर घेऊन चाकणला निघालेली गाडी खोपोलीपर्यंत ठणठणीत असते. अमृतांजन पॉइंटच्या आसपास तिचे मागचे दिवे मिचमिचायला लागतात. लोणावळ्यात बल्ब बदलला की ते लागतात आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. बल्ब बिचारा निर्दोष असतो. शोधायचं असतं पाणी, आणि ते बऱ्याचदा दिव्यापासून कितीतरी फूट लांब, वरच्या बाजूला शिरलेलं असतं.

इथे घाटच मदतीला येतो. खोपोली ते खंडाळा हा जवळजवळ पाचशे मीटरचा चढ आहे. चढताना गाडीचं तोंड वर असतं, त्यामुळे चासीवरून मागे जाणाऱ्या वायरिंगच्या नळीत शिरलेलं पाणी टेल लॅम्पकडे धावतं. उतरताना केबिनमधलं पाणी पुढे, डॅशबोर्डखाली येतं. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी गाडी चालवणाऱ्याला विचारावं: बिघाड चढावर होतो की उतारावर? पाऊस चालू असताना होतो, की थांबल्यावर तासाभराने? ‘चढावर, मागचे दिवे’ एवढं उत्तर मिळालं तरी अर्धी गाडी शोधातून वगळता येते. सपाटीवरच्या गॅरेजमध्ये न सापडणारी गळती पुढची चाकं उंचावर घेतली की सापडते, ती याच कारणाने. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावायला मात्र विसरू नये.

मग पाणी कुठलं ते ठरवावं. पाऊस नसतानाही क्लीनरच्या पायाशी ओल दिसली आणि पाणी स्वच्छ असलं, तर एसीच्या पाण्याची नळी तुंबली असेल. रंगीत, चिकट, गोडसर वासाचं असलं तर ते कूलंट. गढूळ आणि मातीचा वास असलेलं असेल तर चाकांनी उडवलेलं, म्हणजे खालून शिरलेलं. पावसाचं पाणी वरून येतं: समोरच्या काचेच्या रबराचे खालचे कोपरे, टपावरचे छोटे दिवे, वायपरची दांडी बाहेर पडते ते भोक, दारांची रबरं. टपावरचे दिवे बॉडी बांधताना बसवलेले असले तर आधी तिथेच बघावं. पत्र्याला भोक पाडून, रबरी ग्रोमेट न घालता वायर आत ओढलेली असते. पाणी त्या वायरीला धरून केबिनच्या खांबातून थेट फ्यूजबॉक्सपर्यंत उतरतं.

केबिन कोरडी असूनही दिव्यात पाणी साचतं, त्याचं कारण वेगळं. बल्बने तापलेल्या दिव्यावर गार सर पडली की आतली हवा आकसते आणि कडेच्या फटीतून पाणी आत ओढते. दिव्याच्या तळाला पाणी जायचं बारीक भोक असतं. ते चिखलाने बुजलेलं असतं, नाहीतर कुणीतरी ‘गळती थांबवायला’ सिलिकॉनने बुजवलेलं. ते आधी मोकळं करावं.

पाण्याने नेमकं बिघडतं काय? निव्वळ पावसाचं पाणी विजेचं तसं वाईट वाहक. त्यात रस्त्याची धूळ आणि बंदराच्या हवेतलं मीठ मिसळलं की ते वाहू लागतं. मागच्या दिव्याचा कपलर उघडून पाहा. जिथे कायम २४ व्होल्ट असतात ती पिन हिरवट पडून झिजलेली दिसते, शेजारची तेवढी खराब नसते. ओल्या जागी सतत विजेचा दाब असला की तांबं विरघळत जातं, म्हणून. अर्थिंगच्या बोल्टखाली गंज धरला तर गंमत आणखी वाढते. ब्रेक दाबला की इंडिकेटरही लुकलुकतो, कारण परतीची वाट बंद झालेला प्रवाह दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. अशा वेळी बल्ब बदलण्यात अर्थ नाही. दिवे चालू ठेवून दिव्याची अर्थ आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यामध्ये मल्टिमीटर लावावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो बोल्ट खोलून पत्रा चकाकेपर्यंत घासावा.

आता प्रत्यक्ष गळती. मॅट काढून जमीन पुसून कोरडी करा. डॅशबोर्डखाली, खांबांच्या पायाशी आणि फ्यूजबॉक्सवर वर्तमानपत्राचे कागद चिकटवा. बॅटरीचा मेन स्विच बंद करा. एक माणूस टॉर्च घेऊन आत बसवा, दुसऱ्याने साध्या नळीने बाहेरून पाणी सोडावं. वॉशिंग सेंटरची जोरदार पिचकारी नको. ती चांगल्या रबरातूनही पाणी घुसवते. सुरुवात खालून करायची, हे महत्त्वाचं. आधी दाराचा उंबरठा, मग काचेची खालची कड, मग बाजू, शेवटी टप. प्रत्येक जागेला दहा मिनिटं द्या. टपावरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. कागदावर पहिला डाग पडला की थांबा आणि ओलीचा माग धरून वर चढत जा.

गळती सापडली की आधी ती बंद करायची, वायर नंतर. वायरीचं टोक कापल्यावर तांबं काळं दिसलं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जावं. पाणी तारांच्या मधून, प्लॅस्टिकच्या आतून पुढे चढत जातं, नुसतं टोक सोलून भागत नाही. जोडावर काळी टेप गुंडाळण्यापेक्षा आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी नळी घालावी. टेप पाणी आत अडकवून ठेवते. कपलरच्या आधी वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून जातो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याजवळ वापरू नये, ते तांबं खातं. आणि टेस्ट लॅम्पची सुई वायरीत टोचून करंट बघायची सवय बऱ्याच वायरमनना असते, ती सोडलेली बरी. ते भोक म्हणजे पुढच्या पावसाळ्यातली गळती.

२०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमध्ये कंप्युटर आणि सेन्सर बरेच असतात, त्यांच्या वायरींना टेस्ट लॅम्प लावूच नये. कंप्युटरना जोडणाऱ्या वळलेल्या जोडवायरी बॅटरी काढून ओहमवर मोजाव्यात. साधारण ६० ओहम आले तर ठीक, १२० आले तर एका टोकाला तुटलंय, फारच कमी आले तर दोन्ही वायरी कुठेतरी एकमेकींना भिडल्यात.

एक विनंती. घाटात मध्येच दिवे गेले तर यातलं काहीही तिथे करू नका. शक्य असेल तितकी गाडी डावीकडे घ्या, मागे बऱ्याच अंतरावर रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवा आणि कठड्याच्या पलीकडे उभे राहून मदत मागवा. धुक्यात मागून येणाऱ्याला दिवे नसलेला ट्रक दिसत नाही.